निमित्त आणि उपादान : बंद पडलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट

घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेवटचा हात कुणी लावला होता?" मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर गिझर. ज्याने शेवटचा हात लावला तो आरोपी. वस्तूला काय झालंय हे कळायच्या आधी कुणाला बोलायचं हे ठरलेलं असतं. मग दुरुस्ती होते, वस्तू चालू लागते. पण ज्याला बोल लागले त्याच्या मनातलं तसंच राहतं.

चातुर्मासात आमच्या मंदिरात दुपारी बायकांचा स्वाध्याय असतो. गेल्या वर्षी त्यात निमित्त आणि उपादान हा विषय चालू होता. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मातीचा घडा होतो तेव्हा माती हे उपादान कारण, कारण घडा म्हणून बदलते ती मातीच. कुंभार, चाक, काठी ही निमित्त कारणं. ती हजर असतात, उपयोगी असतात, पण घडा होण्याची योग्यता मातीतच असावी लागते. वाळू चाकावर ठेवली तर कितीही हुशार कुंभार असला तरी घडा होत नाही. निमित्ताचं नेमकं किती चालतं यावर पंडितांमध्ये मोठ्या चर्चा आहेत, त्यात मी पडत नाही. मला हा विषय घरापुरता समजला, आणि तो समजला आमच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमुळे. म्हणून आज जरा वेगळं लिहिते आहे. यात वॅट आणि अँपिअर येतील, कंटाळू नका. घरात कॉलेजातली मुलं असतील तर हे कधी ना कधी तुमच्याही उपयोगी पडेल.

आमच्याकडे शनिवार पेठेतल्या घरी एकच कॉम्प्युटर आहे, २०१९ साली घेतलेला. त्यावर भांड्यांच्या दुकानाचे सगळे हिशेब, म्हणजे टॅली. आणि त्यावरच धाकट्याचं काम. तो शिकता शिकता लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतो. कराडपासून जवळच काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' घराघरात पोचलं. कर्मवीर आपल्याच समाजातले, कुंभोजचे. त्यांचं नाव आमच्याकडे अण्णा, म्हणजे माझे सासरे, दर दोन दिवसांनी घेतात. त्यामुळे नातू कमावतो आणि शिकतो याचं त्यांना कौतुकच होतं. कुरकुर होती ती दुसऱ्या गोष्टीची : तो मिळवलेले पैसे पुन्हा त्या डब्यातच घालतो.

व्हिडिओ तयार व्हायला फार वेळ लागायचा. एका लग्नाचा व्हिडिओ रात्रभर चालू ठेवावा लागे. ग्राफिक्स कार्ड बसवलं तर तेच काम खूप लवकर होतं, म्हणून त्याने वर्षभर पैसे साठवून एक जुनं कार्ड घेतलं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर. हे कार्ड २०१९ सालचंच, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरच्याच वयाचं. नवं घेणं परवडणारं नव्हतं. आणि त्याने नीट चौकशी करून घेतलं होतं हे मला माहीत आहे, कारण तो आकडे वहीत लिहीत होता तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. कंपनी म्हणते, या कार्डाला ४५० वॅटचा एसएमपीएस पुरे. आमच्या एसएमपीएसवर लिहिलेलं होतं : ४५० वॅट. आकड्याला आकडा जुळला.

एसएमपीएस म्हणजे सीपीयूच्या डब्यातली ती पत्र्याची पेटी, जिला भिंतीवरची वायर मागून लागते. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट अशी करून आतल्या प्रत्येक भागाला वाढते. घरात जशी वाढणारी बाई कुणाच्या लक्षात येत नाही तशीच ही पेटी. लोक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, कार्ड विचारतात. एसएमपीएस बहुतेक वेळा कॅबिनेटबरोबर 'आलेला' असतो. आमचाही तसाच आलेला होता.

१५ ऑगस्टची सुट्टी बघून त्याने कार्ड बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर चित्र आलं, दोन तास व्यवस्थित चालला. संध्याकाळी त्याने एक व्हिडिओ तयार करायला लावला आणि चार-पाच मिनिटांत खट्कन आवाज होऊन सगळं बंद. पुन्हा बटण दाबलं की पंखे अर्धा वेढा घ्यायचे आणि थांबायचे. पडद्यावर काही नाही. त्याने कार्ड काढून ठेवलं, सगळं पहिल्यासारखं केलं, तरी तेच. अर्धा वेढा आणि थांब.

कार्ड काढल्यावरही सुरू होईना म्हटल्यावर घरातले चेहरे बदलले. त्या दिवशी जेवायला सगळे सातच्या आत बसले होते आणि ताटावर हाच विषय. अण्णा म्हणाले, "चाललेल्या गाडीला खीळ घालायची गरज काय होती? सहा वर्षं चालला की नाही? तू हात लावलास आणि गेला." ह्यांचं म्हणणं, व्होल्टेज वरखाली झालं असणार, यूपीएस जुना झालाय. सासूबाई म्हणाल्या, पावसाळ्याची ओल, दुसरं काय, त्या कोपऱ्यात भिंत पाझरते. थोरल्याने पुण्याहून फोनवर सांगितलं की जुनी कार्डं घेऊच नयेत. २०२२ साली इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा दिवसरात्र राबवलेली हजारो कार्डं बाजारात आली, त्यातलंच हे असेल आणि त्याने बोर्ड जाळला असेल. धाकटा काहीच बोलला नाही. अर्ध्या ताटावरून उठला.

अडचण अशी होती की २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं आणि जुलैची सगळी विक्री त्या डब्यात होती.

इथे पहिली गोष्ट केली ती मला आजही बरोबर वाटते. दोन प्रश्न वेगळे केले. 'दुकानाचा हिशेब कसा काढायचा' हा एक आणि 'कॉम्प्युटरला काय झालंय' हा दुसरा. घाबरलं की आपण दोन्ही एकच समजतो आणि मिळेल त्याला "काहीही कर पण आज चालू करून दे" म्हणतो. पण कॉम्प्युटर सुरू होत नाही याचा अर्थ त्यातला हिशेब गेला असा नव्हे. हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्ड डिस्क काढून ह्यांच्या कर सल्लागारांकडे नेली, त्यांनी ती त्यांच्या कॉम्प्युटरला जोडून टॅलीचा डेटा उतरवून घेतला. रिटर्न १८ तारखेलाच भरून झालं. त्यानंतर घरातली घाई संपली. घाई संपली की माणूस नीट बघू शकतो.

आता डबा उघडण्याविषयी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यातली 'आलोकितपानभोजन' आपण सगळ्या पाळतो, उजेडात बघून जेवणं. 'आदाननिक्षेपण समिती' मात्र आपल्याला साधू-आर्यिकांची वाटते. कुठलीही वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट बघून, जीव नाही ना याची खात्री करून उचलायची आणि ठेवायची. पावसाळ्यात कॉम्प्युटरचा डबा उघडताना ही समिती शब्दशः पाळावी लागते. आत ऊब असते, अंधार असतो, धूळ असते. आमच्या डब्यात तळाशी बारीक लाल मुंग्या होत्या आणि मागच्या पंख्याजवळ एका कोळ्याने घर केलं होतं.

दुरुस्तीवाले सरळ ब्लोअर मारतात. मी धाकट्याला म्हटलं, उद्या दिवसा उघड, आज नको. दुसऱ्या दिवशी डबा गच्चीच्या दाराशी उजेडात आडवा ठेवला, वायर अर्थातच काढलेली. तासा-दीड तासात मुंग्या आपसूक बाहेर पडल्या. कोळ्याला कागदावर घेऊन कुंडीत सोडलं. मग रंगकामाचा नवा कोरडा मऊ ब्रश घेऊन धूळ काढली. पंख्याची पाती बोटाने धरून पुसली, म्हणजे ती गरगर फिरत नाहीत. यात माझा धर्म पाळला गेला, आणि धाकट्याचंही काम झालं, कारण सावकाश पुसताना प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते त्याने पाहिलं. ब्लोअरने धूळ उडते, पण दिसत काही नाही.

एक मात्र सांगून ठेवते. ती पत्र्याची एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडायची नाही. वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसू शकतो. तिची धूळ बाहेरूनच पुसायची.

पुढचे दोन दिवस त्याने एकेक करून तपासलं. रॅम काढून, तिची सोनेरी कड स्वच्छ करून पुन्हा बसवली. दोन रॅम होत्या, एकेक करून लावून पाहिल्या. बोर्डावरचा छोटा सेल, सीआर २०३२, काढून दहा मिनिटांनी परत घातला. त्याने बोर्डाच्या सेटिंग मूळच्या होतात. पुढचं बटणच अडकत नाही ना हे पाहिलं. फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम एवढंच ठेवून पाहिलं. दर वेळी एकच बदल करायचा आणि निकाल वहीत लिहायचा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झालं, तर कशाने सुरू झालं हे कधीच कळत नाही. प्रत्येक ओळीपुढे तेच लिहिलेलं होतं : अर्धा वेढा, बंद.

मधे ह्यांनी डबा एका दुरुस्तीच्या दुकानातही नेला. तिथे दहा मिनिटांत निकाल मिळाला : बोर्ड गेला. जुन्या प्रोसेसरला नवा बोर्ड आता मिळायचा नाही, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं, वीस-बावीस हजार. त्यांनी तपासलं काय, विचारलं तर "एसएमपीएस चालू आहे, म्हणजे बोर्डच." धाकट्यानेही ती तपासणी आधी केलेली होती. एसएमपीएसच्या मोठ्या चोवीस पिनांच्या जोडणीत हिरवी वायर आणि एक काळी वायर पेपरक्लिपने जोडली की ती पेटी एकटीच सुरू होते. आमची झाली होती, पंखा छान फिरत होता. (ही तपासणी माहितगारानेच करावी.) म्हणजे वीज ठीक, बोर्ड खराब. वहीत तसं लिहून त्याने वही मिटली. त्या रात्री मला म्हणाला, "आई, मी बावीस हजार फेडीन. पण यापुढे घरातल्या कशालाच हात लावणार नाही."

पैशापेक्षा मला हे वाक्य लागलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, जो लहानपणापासून टॉर्च, रेडिओ, शिलाई मशीन सगळं उघडून बघत आलाय, तो म्हणतोय हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पूजेहून आले. तो डबा तसाच उघडा होता. त्यांनी विचारलं, "काय म्हणतो दुकानदार?" मी सगळं सांगितलं, पेपरक्लिपचंही सांगितलं. अण्णा थोडा वेळ बघत राहिले. मग आपल्या काळातलं काढलं. आमच्या मळ्यातल्या घरी वीज फार उशिरा आली. तोवर ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. ओगलेवाडी म्हणजे कराडच्या रेल्वे स्टेशनाजवळची, काचकारखान्याची. अण्णा म्हणाले, "कंदील भडकून विझायला लागला की पोरं वात कापायची, काच पुसायची. मी आधी कंदील हलवून बघायचो, तेल आहे का. आवाज यायचा, डबक् डबक्. पण आवाज आला म्हणजे तेल चांगलं असं नाही. रॉकेलमध्ये पाणी असलं की ते तळाला बसतं. वात बारीक असताना पेटते. मोठी केली की फडफडते आणि विझते. तुझ्या त्या पेटीचा पंखा फिरला म्हणजे नुसता आवाज आला. वात मोठी करून कुठे बघितलीस?"

धाकटा आतल्या खोलीत होता, त्याला ऐकू गेलं. तो बाहेर आला, वही उघडली आणि 'एसएमपीएस ठीक' ही ओळ खोडली. तिथे लिहिलं, 'रिकामा असताना ठीक. ओझ्याखाली माहीत नाही.'

हे बघा, केवढा फरक आहे. पेपरक्लिपच्या तपासणीत त्या पेटीवर काही ओझंच नसतं, फक्त स्वतःचा पंखा. उपास सोडलेला नसतानाही माणूस बसल्या जागी ठणठणीत दिसतो, जिना चढायला सांगितला की कळतं.

विद्यानगरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९६० सालचं. तिथे शिकणाऱ्या त्याच्या मित्राकडून एक दिवसासाठी एसएमपीएस आणला. तो बाहेरच टेबलावर ठेवून वायर जोडल्या. बटण दाबलं. पंखे फिरले आणि फिरत राहिले. सासूबाई देवघरातून विचारायला लागल्या, काय झालं, एवढं शांत का? बोर्ड चांगला होता, प्रोसेसर चांगला होता, रॅम चांगल्या होत्या. मग कार्ड बसवलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. पुन्हा सगळ्यांचे श्वास अडकले. ते मात्र साधं निघालं. पडद्याची केबल बोर्डाच्या जागी लावलेली राहिली होती. कार्ड बसवल्यावर केबल कार्डाला लावायची असते. ती बदलली आणि चित्र आलं. कार्डही चांगलं होतं.

मग आकडा जुळूनही असं का झालं? याचं उत्तर त्या पेटीवरच्या बारीक अक्षरांत होतं. '४५० वॅट' ही सगळ्या वायरांची मिळून बेरीज. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या वायरीवर जेवतात. त्या रकान्यात लिहिलेलं होतं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १२५ वॅटचं. दोघांचे मिळूनच १९० झाले. हार्ड डिस्क आणि पंखे अजून बाहेरच बसलेत. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं, पण तुमच्या नळाला अर्धा इंची पाईप असेल तर बादली भरायची त्याच वेगाने. मोठा आकडा धरणाचा बघायचा नसतो, पाईपचा बघायचा असतो.

शिवाय हे कार्ड सगळी वीज बोर्डाच्या खाचेतून घेऊ शकत नाही. त्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज कार्डाच्या डोक्यावर लावायच्या आठ पिनांच्या वायरीने द्यावी लागते. आमच्या जुन्या पेटीला ती वायरच नव्हती, म्हणून कार्डाबरोबर मिळालेला जोड वापरून हार्ड डिस्कच्या वायरींतून वीज घेतली होती. पेटीला स्वतःची आठ पिनांची वायर नसणं ही खरं तर खूण असते, की ही पेटी अशा कार्डासाठी बनलेलीच नाही.

जुनी पेटी नंतर एका जाणत्या दुरुस्ती करणाऱ्या काकांनी उघडून दाखवली. आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली होती, एकातून तपकिरी पातळ झिरपून वाळलेलं होतं. ते म्हणाले, "हे एका संध्याकाळचं नाही. हे एक-दोन वर्षं चाललंय. कार्ड बसवलं नसतं तरी येत्या उन्हाळ्यात गेला असता."

मला स्वाध्यायातली माती आणि कुंभार त्या क्षणी समजले. झिजण्याचं काम आतमध्ये केव्हापासून चालू होतं. कार्ड हे निमित्त. ते त्या संध्याकाळी हजर होतं, त्याच्या ओझ्यानेच बंद पडलं, हे खोटं नाही. पण बंद पडण्याची योग्यता त्या पेटीत आधीच तयार झालेली होती. तेच कार्ड, त्याच बोर्डावर, दुसऱ्या पेटीवर आनंदाने चालत होतं. निमित्त तेच, उपादान वेगळं, म्हणून फळ वेगळं. यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला कुठल्या प्रवचनात मिळालं नव्हतं.

आणि निमित्तालाच धरून बसलं की नुकसान कसं होतं तेही दिसलं. कार्डाला दोष दिला असता तर कार्ड कवडीमोल विकलं असतं. बोर्डाला दोष दिला असता तर बावीस हजार गेले असते, आणि गंमत म्हणजे जुनीच पेटी ठेवली असती तर नवं सगळंही बंदच राहिलं असतं. मुलाला दोष दिला त्याची किंमत तर मोजताच येत नाही. आजारपणात, भांडणात, लग्न मोडण्यात, धंदा बसण्यात आपण हेच करतो. शेवटचा जो जवळ होता त्याला धरतो. आतून काय झिजत होतं ते बघायला वेळ लागतो, डबा उघडावा लागतो.

मग माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पण हा सगळा परिग्रहच ना? जुन्यावर भागत होतं." प्रश्न बरोबर आहे. श्रावकाला परिग्रह-परिमाण व्रत आहे, म्हणजे मर्यादा ठरवून राहणं. माझं उत्तर असं आहे की मर्यादा ही वस्तूच्या नव्या-जुनेपणात नसते, गरजेच्या हिशेबात असते. रात्रभर चालणारं काम आता दोन तासांत होतं, रात्रभर जळणारी वीज वाचली. संपूर्ण कॉम्प्युटर फेकून नवा आणण्याऐवजी एक पेटी बदलली. कोल्हापूरहून ५५० वॅटची, आठ पिनांची वायर असलेली, ८० प्लस ब्रॉन्झची पेटी मागवली, चार हजारांच्या आत. ८० प्लस म्हणजे घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांपेक्षा जास्त ती पुढे पोचवते, उष्णतेत कमी घालवते. सहा वर्षांचा कॉम्प्युटर अजून चार-पाच वर्षं चालेल. दुरुस्ती हाही अपरिग्रहाचाच एक प्रकार आहे असं मला वाटतं. जुनी पेटी भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.

तुमच्या घरी असं झालं तर काय क्रमाने बघायचं ते सांगते, वहीत लिहून ठेवा.

आधी हिशेब आणि फोटो सुरक्षित करा. हार्ड डिस्क काढून दुसरीकडे जोडता येते. घाई तिथेच संपते.

कार्ड घेण्याआधी पेटीवरची बारीक अक्षरं वाचा. एकूण वॅट नव्हे, १२ व्होल्टचा रकाना. त्यातले अँपिअर गुणिले १२. प्रोसेसर आणि कार्डाचे वॅट मिळवून त्यापेक्षा बरीच जागा शिल्लक राहिली पाहिजे. आणि कार्डाला लागणारी पिनांची वायर पेटीला स्वतःची आहे का ते बघा.

सुरूच होत नसेल तर कार्ड काढून बघा. मग एकेक रॅम. मग सेल. एका वेळी एकच बदल, आणि लिहून ठेवायचं.

पंखे फिरतात पण पडदा काळा असेल तर पडद्याची केबल कार्डाला लागलीय का ते आधी बघा.

'बोर्ड गेला' असं कुणी म्हणालं तर चांगली चालणारी दुसरी पेटी लावून पाहिली का, एवढं एकच विचारा.

डबा दिवसा उघडा, उजेडात, जीव बघून.

आणि ज्याने शेवटचा हात लावला त्याला काही बोलण्याआधी दोन दिवस थांबा.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी सगळे एकमेकांना उत्तम क्षमा म्हणतात, लहान मोठ्यांच्या पाया पडतात. धाकटा अण्णांच्या पाया पडायला वाकला, तर अण्णांनीच आधी हात जोडले. म्हणाले, "उत्तम क्षमा रे बाळा." बाकी काही नाही. मग लगेच, "माझ्या रेडिओची खरखर वाढलीय. बघतोस का जरा उघडून?"

तो रेडिओ अजून उघडाच पडलाय टेबलावर, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

जय जिनेंद्र.